पानावरची ओळख

प्रवासास निघालेल्या मनुष्यास शेजारीपाजारी सामान्यतः तीन प्रश्न विचारतात : कोठे जाता, कशाने जाता आणि परत केव्हा येता? आमच्या समाजात या तिहींना चौथ्या प्रश्नाची जोड आहे, आणि तो पहिल्या तिहींहून पुष्कळच जुना आहे. तेथे जेवणार काय? आम्ही बेने इस्राएल. म्हणजे ज्यांस कुलाबा जिल्ह्यात लोक पूर्वी ‘शनवार तेली’ म्हणत, ते महाराष्ट्रातले यहुदी. आडनावाने आम्ही कोकणातल्या एका गावचे ‘कर’, भाषेने मराठी, धंद्याने इंग्रजीचे अध्यापक आणि वस्तीने पुणेकर. एवढ्या चार विशेषणांनी आमची ओळख पुरी व्हावी. परंतु पानावर बसण्याची वेळ आली की ती पुरी होत नाही, असा आमचा आयुष्यभराचा अनुभव आहे.

आमच्या धर्मशास्त्राने आमचे पान आखून दिलेले आहे. जे जनावर रवंथ करते आणि ज्याचे खूर दुभंगलेले आहेत ते चालते. दोहोंपैकी एकच लक्षण असेल तर ते चालत नाही. पाण्यातल्या प्राण्यास पर आणि खवले दोन्ही हवेत. म्हणून पापलेट, बांगडा, रावस आमच्या घरी येतात आणि कोळंबी, खेकडा, तिसऱ्या दारावरूनच परत जातात. जे चालते तेही विधिपूर्वक कापलेले असावे लागते. आणि मांस व दूध यांची एका जेवणात गाठ पडता कामा नये. हा शेवटचा नियम कोकणातल्या आमच्या आज्यांनी नारळावर सोपवून दिला. सागोतीच्या रश्शात आणि सणाच्या हलव्यातही त्यांनी नारळाचेच दूध घातले, आणि शास्त्र व जीभ या दोघींनाही प्रसन्न ठेवले. या साऱ्या विधिनिषेधांस अनुरूप असलेल्या अन्नास हिब्रूत ‘कोशेर’ म्हणतात. शब्द परका वाटतो. परंतु ज्या देशात सोवळे, ओवळे, एकादशी आणि चातुर्मास ही घरोघरची गोष्ट आहे, तेथे त्याचा अर्थ समजावून सांगण्यास फार वेळ लागू नये.

लागू नये, असे आम्ही म्हणतो. कारण आम्ही तो कधी समजावून सांगितलाच नाही. प्रवासात आम्ही एक सोयीची युक्ती काढली होती. कोणी यजमानाने भोजनाविषयी विचारले की आम्ही म्हणत असू, “आम्ही शाकाहारी आहोत.” महाराष्ट्रात शाकाहार ही एवढी प्रतिष्ठित वस्तू आहे की तिचे कारण कोणी विचारीत नाही. वरणभातात निषिद्ध काही नाही आणि जेथे मांसच नाही तेथे दुधाची धास्ती नाही. त्यामुळे शास्त्रही राखले जाते आणि चौकशीही टळते. काटेकोर मनुष्य भांड्यांचाही विचार करील. पण आमच्यासारख्या मध्यम प्रतीच्या धार्मिकास शाकाहारी खानावळ म्हणजे परगावचे अर्धे माहेरच. उत्तर सर्वस्वी खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक धोक्याचे होते.

या युक्तीचा उगम सांगितल्यावाचून पुढली हकीकत कळावयाची नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी परीक्षेच्या कामासाठी आम्ही किनाऱ्यावरच्या एका गावी गेलो होतो आणि आमची मंडळीही बरोबर होती. एका विद्वान गृहस्थांकडे रात्रीचे जेवण होते. पानावर कोळंबीभात आला. यजमानांनी सहज विचारले, “तुमच्यात काही वर्ज्य असतं ना हो?” पंक्तीस बडी बडी माणसे होती, आम्ही नुकतेच बढतीच्या उंबरठ्यावर उभे होतो आणि आधुनिक म्हणवून घेण्याची हौस अंगात होती. आम्ही हसून उत्तर दिले, “छे हो, ते सगळं आजोबांच्या काळचं!” आणि सिद्ध करण्यासाठी दोन घास खाल्लेही. समोरच्या पानावर मंडळीने नुसती पोळी आणि लोणचे खाल्ले आणि ती मुकाट्याने उठली. मुक्कामावर आल्यावर ती एवढेच म्हणाली, “तुम्ही कोळंबी खाल्लीत, ते तुमचं आणि देवाचं. मी अर्धपोटी उठले, त्याचंही काही नाही. पण माझे आजोबा माझ्यासमोर हसण्यावारी नेलेत.” त्यानंतर आमच्या कामाच्या प्रवासास ती कधीही बरोबर आली नाही. भांडण झाले नाही. प्रत्येक वेळी काही तरी कारण निघे, आणि ते कारण आहे हे उभयतां जाणून असू.

म्हणून गेल्या हिवाळ्यात, मिरजेस एका व्याख्यानाकरिता व तोंडी परीक्षेकरिता जावयाचे ठरले तेव्हा “मीही येते” असे शब्द स्वयंपाकघरातून ऐकू आले, तेव्हा आम्हांस स्वतःच्या कानांचा संशय आला. कारण लगेच कळले. तिच्या वडिलांचा तंबोरा घरी कोपऱ्यात उभा होता. ते आमच्या समाजातले हौशी कीर्तनकार होते. बेने इस्राएलांत मराठी कीर्तनाची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. ओवी, साकी, दिंडी ही सारी चाल ओळखीची, फक्त आख्यान ध्रुवाचे नव्हे तर योसेफाचे किंवा मोशेचे. ज्या समाजाने १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची ‘हगादा’ मराठी भाषांतरासह छापली, आणि तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या दाखविल्या, त्या समाजास हे काही विशेष वाटले नाही. तो तंबोरा मिरजेचा होता, आणि बरीच वर्षे तो बोलेनासा झाला होता. “व्याख्यान तुमचं, तंबोरा माझा, अडीच दिवस आहेत, जाऊन येऊ,” असा मंडळीचा हिशेब.

मिरजेहून यजमान प्राध्यापकांचे पत्र आले होते. त्यात “भोजनाचे काही पथ्य असल्यास निःसंकोच कळवावे” अशी सौजन्याची ओळ होती. आम्ही सवयीप्रमाणे उत्तराचा मसुदा केला : ‘आम्ही उभयतां शाकाहारी आहोत.’ मंडळीने तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, “त्यांनी निःसंकोच लिहा म्हटलंय, आणि तुम्ही संकोचच लिहून पाठवताय.” तरीही पत्र तसेच गेले. पन्नाशी उलटलेल्या मनुष्याची भीती ही त्याच्या सहीसारखी असते; हात आपोआप वळतो.

गुरुवारी दिवसाच्या गाडीने आम्ही निघालो. पुणे ते मिरज सुमारे २८० किलोमीटर. त्यात सर्वांत मानाचा प्रवासी तंबोरा होता. त्यास खिडकीची जागा मिळाली आणि आम्हांस त्याच्या भोपळ्याशेजारी अर्धी. सायंकाळी मिरजेच्या बाजारात मंडळीने पहिली खरेदी केली ती काळ्या मनुकांची. सांगली-तासगावचा हा मुलूख द्राक्षांचा आणि बेदाण्याचा. आमच्यात शब्बाथाच्या संध्याकाळी द्राक्षारसावर आशीर्वाद म्हणतात. आणि जेथे विधिपूर्वक केलेला द्राक्षासव मिळत नाही तेथे मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांच्या पाण्यावर तो म्हणावयाचा, अशी आमच्या वाडवडिलांची तोड आहे. कोकणात राहून दुसऱ्याच्या मळ्यातल्या द्राक्षांवर शतकानुशतके देवाचे आभार मानल्यावर, त्या द्राक्षांच्या प्रत्यक्ष गावी आपण प्रथमच आलो आहोत, ही गोष्ट मनुका निवडताना तिलाच सुचली. त्या रात्री खोलीतल्या पेल्यात मनुका भिजत पडल्या.

शुक्रवारी सकाळी आमचे काम आटोपले आणि दुपारी आम्ही सितारमेकर गल्लीत गेलो. मिरजेच्या या कलेचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे दिवस सरत चालले, तसे त्यांचे हात तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब शिकलगार यांचे नाव या परंपरेच्या आरंभी घेतात. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठाले भोपळे येथे येतात, सुकतात, आणि त्यांतून आवाज निघू लागतो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. एका लहानशा दुकानात एक वृद्ध कारागीर बसले होते. त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, तारा छेडल्या, आणि एखाद्या वैद्याने जीभ पाहूनच रोग सांगावा तसे म्हणाले, “लाकडाला काही झालेलं नाही. जवारी गेलीय, आणि जीव कुणी तरी काढून टाकलाय.”

‘जीव’ म्हणजे तार आणि घोडी यांच्या मध्ये सरकवलेला सुताचा धागा. तो डोळ्यांस दिसेल न दिसेल एवढा. पण तो योग्य जागी बसला नाही तर चारी तारा कोरड्या वाजतात. आम्हांस वाटे की तार जितकी घोडीस घट्ट भिडेल तितका नाद चांगला. उलट ते म्हणाले, “थोडं अंतर पाहिजे, साहेब. अगदी चिकटली की तार मुकी होते.” धागा बसवून त्यांनी षड्ज छेडला, आणि वीस वर्षे कोपऱ्यात उभे असलेले ते वाद्य दुकानभर बोलू लागले. आमच्या मंडळीने पदराने डोळे टिपले. आम्ही भोपळ्यांकडे पाहत उभे राहिलो.

जवारी घासून रविवारी सकाळी वाद्य देण्याचे ठरले. एवढ्यात आतून पुलावाचा घमघमाट आला आणि वृद्ध म्हणाले, “आज जुम्मा आहे, नमाज पढून नुकताच आलोय. चार घास खाऊन जा.” आमच्या ओठांवर ते नेहमीचे वाक्य आलेच होते. परंतु मंडळी अगोदर बोलली, “चाचा, आम्ही बेने इस्राएल. आमच्याकडं आमच्या रिवाजानं कापलेलंच चालतं. राग मानू नका.” वृद्धांनी क्षणभर पाहिले आणि विचारले, “म्हणजे हजरत मूसांच्या उम्मतीतले?” तिने होकार दिला. “मग राग कसला? आमच्यातही नाव घेऊन कापलेलंच चालतं. रिवाज नसलेल्या माणसाला मी कधी आग्रह करीत नाही. त्याला कुठंही मिळतं.” त्यांनी चहा मागविला आणि एक फणी केळी पुढे ठेवली. ज्या उत्तरास आम्ही वीस वर्षे भीत आलो होतो त्याचा परिणाम एवढाच झाला की केळी फार गोड निघाली.

तेथून परतताना मंडळीने आम्हांस काही बोल लावला नाही. लहानपणी वडिलांकडून ऐकलेली एक गोष्ट मात्र सांगितली. ती आमच्या प्रत्येक घरात सांगितली जाते. परंपरा अशी की आमचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढेच वाचले. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा गेली, राहिला तो शनिवारचा विसावा, काही उपास, ‘शेमा’ची प्रार्थना आणि पानावरचा नियम. पुढे दावीद रहाबी नावाचा एक यहुदी पुरुष कोकणात आला. त्याच्या काळाविषयी पंडितांत एकमत नाही. परंतु त्याने काय केले याविषयी आमच्या आज्यांत एकमत आहे. हे लोक आपले आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे सर्व जातींचे मासे मिसळून टाकले आणि रांधावयास सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले व बाकीचे बाजूस सारले. रहाबीने ओळखले. ग्रंथ नाही, मंदिर नाही, लिपी नाही. एका समाजाची ओळख पटली ती टोपलीतल्या माशांवरून, आणि ती पटविली बायकांनी. “त्या बायका ‘आम्ही शाकाहारी’ म्हणाल्या असत्या तर?” एवढे बोलून आमची मंडळी गप्प झाली.

त्या सायंकाळी यजमानांकडे जावयाचे होते. शुक्रवारी सूर्यास्तापासून आमचा शब्बाथ लागतो आणि मग वाहनात बसावयाचे नाही. सुदैवाने घर मुक्कामापासून दहा मिनिटांच्या वाटेवर होते. दिवस बुडावयास अवकाश असतानाच आम्ही पोहोचलो. घर देशस्थ ब्राह्मणांचे. ओसरीवर यजमानांच्या मातोश्री बसल्या होत्या. वय नव्वदीच्या आसपास, कान तीक्ष्ण, आणि नजर त्याहूनही तीक्ष्ण. आमचे आडनाव ऐकताच त्या म्हणाल्या, “म्हणजे कोकणातले. आमचं माहेर चौलचं. तुम्ही कोण?”

हा प्रश्न आजच्या सुशिक्षित समाजात कोणी विचारीत नाही. निदान तोंडावर विचारीत नाही. यजमान ओशाळले. त्यांनी मध्येच आमची बाजू सावरली, “आई, ते पूर्ण शाकाहारी आहेत.” वृद्धा म्हणाल्या, “ते कळलं रे. काय खातात ते सांगितलंस. मी विचारते, कोण?”

आमच्या पत्रातलेच वाक्य आमच्यासमोर परत येऊन उभे होते. मंडळी आमच्याकडे पाहत नव्हती; ती दारातल्या तुळशीकडे पाहत होती. दुपारी तिने उत्तर दिले होते. आता ती देणार नाही, हे आम्हांस उमगले. आम्ही म्हणालो, “आम्ही बेने इस्राएल. कोकणात आम्हांला शनवार तेली म्हणत. आम्ही शाकाहारी नाही, आजी. आमच्या शास्त्रात काही चालतं, काही चालत नाही. ते सांगायला लाज वाटते म्हणून आम्ही तसं लिहितो.”

म्हातारीच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसले नाही. हरवलेली वस्तू सापडल्यासारखा आनंद मात्र दिसला. “शनवारी घाणा बंद ठेवणारे! आमच्या दाराशी तेल घेऊन यायची एक बाई. शुक्रवारीच दोन दिवसांचं घालून जायची. मी लहान होते. विचारायची, उद्या का नाही? म्हणायची, उद्या आमच्या बैलालाही सुट्टी.” मग एकदम, “आज शुक्रवार. दिवा कुठं लावणार?”

मंडळीने पिशवीतून दोन लहान दिवे, वाती आणि मनुकांच्या पाण्याची बाटली काढली. हे सारे तिने बरोबर आणले होते, आणि आम्हांस त्याचा पत्ता नव्हता. ती यजमानीणबाईंस म्हणाली, “वहिनी, एवढं थोडं तेल मिळेल का?” यावर ओसरीवरून आवाज आला, “पाहिलंत? तेल्यानं आमच्याकडं तेल मागावं!” सारे घर हसले आणि आमच्या छातीवरचे एक जुने ओझे त्या हसण्यात कोठे तरी उतरले.

दिवे माजघरातल्या कोनाड्यात लागले. त्याच सुमारास देवघरातही सांजवात झाली. हे दोन्ही दिवे एकच, असे म्हणून टाळी घेण्याचा मोह येथे कोणासही होईल. आम्ही तसे म्हणणार नाही. एकासमोर मूर्ती होती, दुसऱ्यासमोर मूर्ती असणे हेच आमच्याकडे सर्वांत मोठे निषिद्ध. ते दोन वेगळे दिवे होते आणि एका घरात दोन वेगळ्या जागी शांतपणे जळत होते. त्यांतील अंतर कोणी बुजविले नाही, म्हणूनच कदाचित ती संध्याकाळ आम्हांस इतकी निकट वाटली.

मनुकांच्या पाण्यावर आम्ही किद्दुश म्हटला. यजमानांच्या नातवाने त्यात हिब्रू शब्द किती आणि मराठी किती याची चौकशी केली. जेवण केळीच्या पानावर होते, आणि केळीच्या पानाइतके निष्पाप भांडे दुसरे नाही. त्यावर कालचे काही शिजलेले नसते. भाकरी, वांग्याची भाजी, आमटी, खर्डा आणि शेवटी बासुंदी. घरी शब्बाथाच्या रात्री कोंबडी असते, म्हणून दुधाचा गोड पदार्थ आमच्या वाट्यास कधी येत नाही. त्या रात्री दोन वाट्या आल्या. वहिनींनी आमच्या मंडळीस सविस्तर प्रश्न विचारले. तूप चालते का, मांस आणि दूध यांत किती वेळ जावा लागतो, माशांत दूध का नको. त्यांनी ‘असं का?’ असे एकदाही विचारले नाही, ‘कसं?’ एवढेच विचारीत होत्या. पाळणाऱ्यास पाळणारा ओळखतो, तो असा.

रात्री चालत परत येताना रस्ता निर्मनुष्य होता. मंडळी म्हणाली, “आजींना ‘लाज वाटते’ असं सांगितलंत, ते बरं केलंत.” वीस वर्षांच्या मौनानंतर आलेल्या या वाक्यात क्षमा होती की नुसती नोंद, हे आम्ही विचारले नाही.

शनिवार विश्रांतीचा. सकाळी यजमानांकडून डबा आला. सायंकाळी आम्ही पायी ख्वाजा शमना मिरासाहेबांच्या दर्ग्यापर्यंत गेलो. तेथेच उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ साली ते दक्षिणेत प्रवासात वारले आणि त्यांस मिरजेस आणून येथे दफन केले. उरुसाच्या दिवसांत येथे गवई अजून हजेरी लावतात. आम्ही अंगणात बसून राहिलो. अश्दोदला असणारी आमची कन्या नेहमी म्हणते की तिकडे दुकानात प्रत्येक डब्यावर कोशेरचा शिक्का असतो, कोणास काही सांगावे लागत नाही. १९४८ नंतर आमचे बहुतेक लोक तिकडे गेले. भारतात आता चार-पाच हजार उरले असतील. शिक्का असणे सुखाचे आहे, यात शंका नाही. परंतु ज्यांच्या अन्नावर शिक्का नाही त्यांनी तोंडानेच सांगितले पाहिजे. न सांगितले तर एका पिढीत ते सांगण्यासारखे काही उरत नाही. कोळंबीचे दोन घास हे पाप लहान होते. ‘आजोबांच्या काळचं’ हा शब्द मोठा होता.

रविवारी तंबोरा घेऊन आम्ही परतलो. या खेपेस तो गाडीत मध्येच धक्क्याने झणकारत होता, आणि समोरची मुले हसत होती.

पुढील महिन्यात सोलापुरास जावयाचे आहे. तेथील यजमानांस आम्ही पत्राचा मसुदा केला. भोजनाविषयीचा मजकूर चार ओळींचा झाला. काय चालते, काय चालत नाही, आणि आम्ही कोण, हे सारे त्यात आहे. कागद टेबलावर ठेवून आम्ही महाविद्यालयात गेलो. परत येऊन पाहतो तो चौथ्या ओळीखाली मंडळीच्या अक्षरात पाचवी ओळ होती : ‘आम्ही दोघेही येत आहोत.’